पाणी काढायचा दिवस

सकाळी ७:१५
अंगणातला नळ गोठलाय. मालकीणबाई, साऱ्या गल्लीच्या अमा-ले, त्यावर किटलीभर गरम पाणी ओततात. नळ खाकरतो, मग धार धरतो. लेह साडेतीन हजार मीटरवर. ऑक्टोबर संपत आलाय. दुपारचं ऊन अजून चटकतं, पण रात्री पारा शून्याखाली जातो. जानेवारीत उणे वीसपर्यंत उतरेल. गेस्टहाऊसच्या आठही खोल्या आता उन्हाळ्यापर्यंत बंद.

९:४५
मिस्त्री येतो, सोबत भाचा. दोघं बिहारच्या चंपारणचे. याहून लवकर येऊन उपयोग नाही. पाईपात बर्फ असला की नळ उघडूनही थेंब येत नाही आणि पाणी संपलं असं वाटतं. बरोबरचे बहुतेक गडी छठसाठी गावी गेले. हा थांबलाय, कारण या दिवसांत माणूस मिळत नाही आणि दर बरा मिळतो. खोलीमागे पाचशे. वॉशिंग मशीनचे तीनशे, पाण्याच्या फिल्टरचे दोनशे. भाच्याचे आठशे मामाने द्यायचे.

१०:१०
आधी मेन बोर्ड. गीझरची सगळी बटणं खाली. रिकाम्या गीझरला वीज मिळाली तर कॉइल कोरडी तापून जळते. मग बोअरची मोटर बंद, गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व खुला. ते पाणी नळीने जर्दाळूच्या झाडांना जातं. अमा-ले स्वतः नळी या आळ्यातून त्या आळ्यात फिरवतात.

११:००
पहिला गीझर, पंधरा लिटरचा. खाली बादली. मिस्त्री गार पाण्याचा कनेक्शन पाईप पान्याने सोडवतो. दोन पेले पाणी पडतं आणि थांबतं. वरून हवा जायला वाट नाही. भाचा गरम पाण्याची बाजू सोडतो, तशी धार लागते. सेफ्टी वॉल्व काढून झटकायचा. मग मिस्त्री गरम बाजूला पारदर्शक नळी लावतो आणि तोंडाने फुंकतो. गाल फुगतात, मान लाल होते. इतक्या उंचीवर नुसता जिना चढून दम लागतो. हा आठ गीझर फुंकणार आहे.

"टाकीत तळाला वाटीभर राहिलं तर चालतं," तो म्हणतो. "त्याला फुगायला जागा आहे. कॉकमध्ये चमचाभर राहिलं तर कॉक गेला."

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. मोकळ्या टाकीत ते वर सरकतं. बंद पितळी नळात कुठे जाणार?

१:१५
भात, डाळ, बटाटा. अमा-ले गेल्या वर्षीचा अँगल कॉक आणून दाखवतात. केसाएवढी चीर. चिरला हिवाळ्यात, कळलं उन्हाळ्याच्या तोंडावर. पाणी सोडलं आणि भिंत ओली. कॉक साडेतीनशेचा. टाइल फोडून परत बसवायला तीन हजार. गेल्या वर्षी पाणी काढायचं काम दुसऱ्याच कोणी घाईत केलं होतं.

२:००
वॉशिंग मशीन. या कामाला घाई चालत नाही. मशीन रिकामं फिरवून पाणी बाहेर टाकायला लावतात. पाण्याची नळी मागून काढतात. मग मशीन काही सेकंद पाणी घेण्यावर ठेवायचं, म्हणजे आतला वॉल्व उघडतो आणि त्यात अडकलेलं आत पडतं. शेवटी खालचं झाकण उघडून पंपाचा फिल्टर. त्याखाली जुना ट्रे सरकवलाय. अर्धा लिटर गढूळ पाणी, दोन नाणी, एक बटण. नाणी भाचा अमा-लेंच्या हातावर ठेवतो.

३:२०
कमोड. फ्लशची टाकी रिकामी केली तरी खालच्या वाकात पाणी राहतंच. मगने जेवढं येईल तेवढं, बाकी स्पंजाने. हातमोजा सकाळीच फाटलाय, म्हणून उघड्या हाताने. आठ वेळा. दर खेपेला बोटं गरम पाण्याच्या डब्यात बुडवायची. भेगांना सरसोंचं तेल.

पाण्याच्या फिल्टरमधला मेम्ब्रेन ओलाच पिशवीत बांधून अमा-लेंच्या स्वयंपाकघरात जातो. तिथे बुखारी पेटते, तो गोठणार नाही. इन्व्हर्टरची बॅटरीही तिथेच, पण आधी पूर्ण चार्ज करून. भरलेली बॅटरी थंडी सोसते, उतरलेली फुटते. दोघं ती उचलतात आणि दारात एकदा टेकवतात.

फ्रिज पुसून बंद. दाराच्या फटीत लाकडाचा तुकडा.

५:३०
ऊन गेलं. मिस्त्री सगळ्या खोल्यांतून पुन्हा फिरतो. प्रत्येक नळ उघडा ठेवलाय ना, जेट स्प्रे खाली लोंबतोय ना, ते बघतो. मेन बोर्डावर मार्करने लिहितो: गीझर चालू करू नये.

हिशेब. खोल्यांचे चार हजार, मशीनचे तीनशे, फिल्टरचे दोनशे, वॉशर आणि टेफ्लॉन टेपचे एकशे साठ. अमा-ले म्हणतात, "वरचे साठ सोड." मिस्त्री रिकामी पुडी दाखवतो. "हे माझ्या खिशातून गेलेत, अमा-ले." चार हजार सहाशे साठ पूर्ण मिळतात. आठशे तिथेच भाच्याकडे.

"पाणी सोडताना मलाच बोलवा," तो पिशवी बांधत सांगतो. "मी नसलो तर एकेक खोली उघडा. सगळं एकदम सोडू नका."

अमा-ले फोनमध्ये नंबर आहे का ते बघतात. नाही. भाचा तो बोर्डावर, मार्करच्या ओळीखाली लिहितो.