नातीने शोधलेली आजी

इरावती कर्वे १९७० मध्ये गेल्या, तेव्हा त्यांची नात उर्मिला देशपांडे लहान होती. पुण्यात स्कूटर चालवणारी, पंढरीच्या वारीत पायी चालणारी ही आजी समजून घ्यायची, तर बर्लिनपर्यंत मागे जावे लागते. पीएच.डी.साठी तिथे इरावतीबाईंसमोर मानवी कवट्या होत्या. गोऱ्या वंशाची श्रेष्ठता त्यांतून दिसावी, अशी मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा. बाईंनी मोजमापे घेतली. वंशानुसार फरक आढळला नाही, तसेच लिहून दिले. प्रबंध तपासणारे फिशरच होते, हे ध्यानात घ्यावे! गौरी देशपांडे यांच्या या लेकीने २०२४ मध्ये सहलेखकासह आजीचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्याला नाव दिले घरातलेच, ‘इरू’.