नटबोल्टांचे गेलेले आटे : घरच्या घरीं करतां येण्याजोगी दुरुस्ती

आपल्या वाडवडिलांचें औत लांकडाचें असे. त्याचा एखादा सांधा ढिला झाला तर पाचर ठोकली, नाहींतर सुताराकडे नेलें, म्हणजे काम भागत असे. १९०३ सालीं कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांव येथें लोखंडी नांगर तयार केला व १९१० पासून किर्लोस्करवाडीस त्या धंद्याचा विस्तार झाला. अशा लोखंडी नांगरांबरोबर पाचरेच्या जागीं नटबोल्ट शेतकऱ्याच्या घरांत आला. आज ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी, पेरणीयंत्र, पाण्याचा पंप यांपैकीं कांहींना कांहीं प्रत्येक बागाइतदाराच्या दारीं आहे. यंत्र लाखाचें असो कीं हजाराचें, तें अडतें बहुधा एका बोल्टासाठीं. आणि बोल्टांत बिघडतें तें त्याच्या आट्यांत.

प्रस्तुत लेखकावर आलेला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आश्विनाचे दिवस, सोयाबीनच्या गंजी रानांत पडलेल्या, आणि मावळतीकडे आभाळ भरून आलेलें. मळणीयंत्राचा पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीच्या बैठकीचा एक बोल्ट वाटेंत पडून गेला. घाईघाईनें घरच्या डब्यांतील त्याच जाडीचा दिसणारा बोल्ट काढून लावला. पहिले तीनचार फेरे सहज गेले. पुढें तो अडूं लागला. अधिक विचार न करतां पान्याच्या मागें पाईप घालून जोर केला. एकदम बोल्ट हलका फिरूं लागला. बिडाच्या बैठकींतील आटे पार खरडून गेले होते. मूळचा बोल्ट १० मिलीमीटरचा, आणि घातलेला तीन अष्टमांश इंची. त्या दिवशीं जवळा बाजारास जाऊन येईपर्यंत सांज झाली, व रात्रीं पावसानें अर्धी गंज भिजली. दोष ना यंत्राचा, ना दुकानदाराचा. तो सर्वस्वीं आमच्या अज्ञानाचा व घाईचा होता. तें अज्ञान इतरांच्या वांट्यास येऊं नये एवढ्याचसाठीं हा लेख.

आटे कां जातात ?

पूर्वीं प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ सालीं इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं ५५ अंशांच्या कोनाचे व ठराविक अंतराचे इंची आटे सुचविले, आणि ते इंग्रजी यंत्रांबरोबर आपल्याकडे आले. अमेरिकन यंत्रांचे आटे इंचीच, पण ६० अंशांचे. पुढें आपल्या देशानें दशमान मापें स्वीकारलीं व मिलीमीटरचे आटे रूढ झाले. त्यांचाही कोन ६० अंशच. परिणाम असा कीं, एकाच शेतकऱ्याच्या डब्यांत तीन घराण्यांचे बोल्ट एकत्र नांदतात.

हे बोल्ट डोळ्यांस सारखे दिसतात, पण सारखे नसतात. १० मिलीमीटरच्या साध्या बोल्टावर दोन आट्यांमधील अंतर १.५ मिलीमीटर असतें. तीन अष्टमांश इंची बोल्टाची जाडी सुमारें ९.५ मिलीमीटर, व अंतर सुमारें १.५९ मिलीमीटर. बारीक असल्यामुळें तो भोकांत शिरतो, परंतु प्रत्येक आट्यास थोडथोडा फरक सांचत जाऊन अखेर अडतो. तसेंच अर्ध्या इंचाच्या इंग्रजी बोल्टावर इंचास १२ आटे, तर अमेरिकन बोल्टावर १३. म्हणून नियम एकच : बोल्ट हातानें पूर्ण बसत नसेल, तर तो त्या भोकाचा नव्हे. ओळख पटविण्यास आट्यांचें गेज मिळतें. तें नसेल तर खात्रीचा जुना बोल्ट व नवा बोल्ट आट्यांस आटे लावून उजेडासमोर धरावे. फट दिसली तर जात निराळी समजावी.

दुसरें कारण अति जोराचें. पाना ज्या लांबीचा केलेला असतो, ती त्या बोल्टाच्या मानानेंच ठरविलेली असते. त्यास पाईप जोडणें म्हणजे आट्यांवर दुप्पट-तिप्पट भार घालणें होय. तिसरें कारण गंज व माती. आणि चवथें, ढिला राहिलेला बोल्ट यंत्राच्या हादऱ्यानें झिजत जाणें.

प्रथम परीक्षा

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं आटे बोल्टाचे गेले कीं भोकाचे, हें पाहावें. बोल्टाचे किंवा नटाचे गेले असतील, तर दुरुस्तीच्या भरीस न पडतां नवा जोड घ्यावा. ती वस्तु स्वस्त आहे. नवा घेतांना डोक्यावरील अंक पाहावा. ४.६ पेक्षां ८.८ चा बोल्ट अधिक बळकट, व १०.९ चा त्याहूनही बळकट. जेथें जो अंक होता तेथें तोच घालावा. विशेषतः रोटाव्हेटरसारख्या यंत्रांत अडथळा आला असतां आपण तुटून यंत्र वाचविण्यासाठीं मुद्दाम घातलेला बोल्ट असतो. त्याच्या जागीं अधिक कठीण बोल्ट घातला, तर बोल्ट वाचेल आणि गिअरपेटी फुटेल.

खरी काळजी भोकाची. कारण भोक हें बैठकीचा, इंजिनाचा किंवा पेटीचा भाग असतें, व तो भाग बदलणें खर्चाचें असतें.

दुरुस्तीचे उपाय, सोप्यापासून कठीणाकडे

१. साफ करणें. पुष्कळदां आटे गेलेले नसून केवळ दबलेले किंवा मातीनें भरलेले असतात. भोक डिझेलनें धुऊन त्याच मापाचा एक चांगला कठीण बोल्ट घ्यावा. त्याच्या आट्यांवर करवतीनें किंवा तीनधारी कानशीनें उभ्या तीन खांचा पाडाव्या व टोक थोडें निमुळतें करावें. तेल लावून हा बोल्ट हातानें, मागेंपुढें करीत, भोकांत फिरवावा. खांचांत घाण सांचते व दबलेले आटे सरळ होतात. ही घरची युक्ति जुने आटे साफ करण्यापुरतीच आहे. नवे आटे तिनें पडत नाहींत.

२. लांब बोल्ट. झिजतात ते बहुधा तोंडाजवळचे आटे, कारण भाराचा मोठा वांटा पहिल्या दोनतीन आट्यांवरच पडतो. भोक खोल असून तळचे आटे शाबूत असतील, तर थोडा लांब बोल्ट घालावा. मात्र काडी घालून खोली मोजावी. बोल्ट तळास टेकला तर वरचा भाग आवळला जाणार नाहीं. लोखंडांत बोल्टाच्या जाडीइतकी, बिडांत दीडपट, व ॲल्युमिनियमांत दुपटीइतकी आट्यांची पकड असावी, असें साधारण मान आहे.

३. आरपार बोल्ट. भोकाच्या पाठीमागें हात पोंचत असेल, तर आटे पाडण्याच्या भानगडींत न पडतां भोक आरपार करून मागून वायसर व नट लावावा. सर्वांत स्वस्त व भरंवशाचा उपाय हाच.

४. एक माप मोठें करणें. जुने आटे ड्रिलनें काढून टॅपनें मोठ्या मापाचे नवे पाडावे. ड्रिलचें माप काढण्याची रीत सोपी आहे : नव्या बोल्टाच्या जाडींतून दोन आट्यांमधील अंतर वजा करावें. त्याप्रमाणें ८ मिलीमीटरच्या आट्यांस ६.८ चें, १० च्यास ८.५ चें, १२ च्यास १०.२ चें, व १६ च्यास १४ मिलीमीटरचें ड्रिल लागतें. टॅप सरळ उभा धरावा. अर्धा फेरा पुढें घेतला कीं पाव फेरा मागें घ्यावा, म्हणजे कीस तुटून पडतो. लोखंडास तेल व ॲल्युमिनियमास रॉकेल किंवा डिझेल द्यावें. बीड कोरडेंच कापावें. टॅप फार कठीण असल्यानें ठिसूळ असतो. तो भोकांत मोडला तर काढणें महाकर्म होतें; म्हणून येथें घाई कामाची नाहीं. भोकाच्या कडेस बोल्टाच्या जाडीइतकें लोखंड उरत नसेल, तर भोक मोठें करूं नये. आमच्या पुलीची बैठक याच रीतीनें १२ मिलीमीटरचा बोल्ट घालून दुरुस्त झाली.

५. तारेची गुंडाळी. मूळ मापाचाच बोल्ट ठेवणें अवश्य असेल, तर पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी मिळते. संचांतील ड्रिलनें भोक मोठें करून, संचांतीलच टॅपनें आटे पाडून ती आंत फिरवितात. तिच्या आंतील बाजूस मूळ मापाचे आटे होतात. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागांस हा उपाय उत्तम. चांगली बसलेली गुंडाळी मऊ धातूंतील मूळ आट्यांहून अधिक टिकते.

६. लेप. दोन भाग मिसळून कठीण होणारा लेप भोकांत भरून, बोल्टास ग्रीस माखून तो आंत बसवितात व लेप कठीण झाल्यावर फिरवून काढतात. टांकीवरील झांकण, दिव्याची चौकट अशा हलक्या भारापुरताच हा उपाय वापरावा. आट्यांवर सूत, तांब्याची तार किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळण्याचीही चाल आहे. ती घरापर्यंत पोंचण्यापुरती ठीक, परंतु हादऱ्याच्या यंत्रांत ती टिकत नाहीं.

भोक वेल्डिंगनें भरून पुन्हां पाडण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. लोखंडास तो चालतो. बीड मात्र नीट तापविल्यावांचून व योग्य कांडीवांचून वेल्ड केलें तर चिरतें. तें काम जाणत्या कारागिराचेंच.

येथें घरगुती उपाय नको

ट्रॅक्टरचें चाक, ब्रेक, स्टिअरिंग, ट्रॉलीचा जोड, आणि मळणीयंत्राचा फिरता ड्रम व त्यावरील संरक्षक झांकण, यांच्या आट्यांवर घरगुती प्रयोग मुळींच करूं नये. मळणीयंत्रांत हात जाऊन शेतकरी व मजूर अपंग झाल्याचीं उदाहरणें देशांत इतकीं घडलीं कीं, १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केंद्र सरकारास करावा लागला. एका झांकणाचा बोल्ट 'चालेल तसा' ठेवणें म्हणजे दुसऱ्याच्या हाताची पैज लावणें होय. तेथें खर्च सोसावा; काटकसरीस शेतांत दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

आटे जाऊंच नयेत म्हणून

बोल्ट लावतांना प्रथम तो हातानें उलटा फिरवावा. आटे जागेवर येतांच किंचित् 'टक्' असें जाणवतें, मग सुलटा फिरवावा. सुरुवात नेहमीं हातानें करावी, पान्यानें नव्हे. पाचसहा बोल्टांचें झांकण असेल तर सर्व बोल्ट हातानें बसवून मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळावे. गंजलेल्या बोल्टावर आदल्या रात्रीं डिझेल सोडून ठेवावें. हंगाम संपल्यावर यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यांत ढकलण्यापूर्वीं उघड्या आट्यांस ग्रीस लावावें. आणि मिलीमीटरचे व इंची बोल्ट दोन निराळ्या डब्यांत ठेवावे. एवढ्या एका गोष्टीनें निम्मा त्रास वांचेल.

अखेर एक सूचना. टॅप, ड्रिल व आट्यांचें गेज हीं हत्यारें एकट्यानें घेतलीं तर वर्षांतून दोनदां उपयोगीं पडतात, व उरलेला काळ गंजतात. आपल्या भागांत सावडीची चाल जुनी आहे. पाचसहा शेजाऱ्यांनीं, किंवा गांवच्या सोसायटीनें, ८ पासून १६ मिलीमीटरपर्यंतचा एक संच घेऊन जबाबदार माणसाजवळ ठेवावा, व तो वापरण्यास गांवांतील दोन हुशार तरुणांस शिकवावें. म्हणजे पुढील आश्विनांत आभाळ भरून येईल, तेव्हां कोणाची गंज एका बोल्टापायीं रानांत भिजणार नाहीं.