फोनची झाडलोट आपल्याच हातांनी

वर्तकनगरला आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खाला राहतात. त्यांच्या शौहरांचा इंतकाल होऊन दोन वर्षे झाली. मागच्या रमजानच्या आधी त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बेटी, तू शाळेत शिकवतेस, तुला कळेल. ह्यांचे आवाज कुठे गेले गं?"

मरहूम दुकानातून रोज व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायचे. "येताना पाव आणू का?", "औषध घेतलंस का?" असे साधेच निरोप. खालांनी ते सगळे जपून ठेवले होते. चॅटमध्ये त्यांच्या खुणा अजून दिसत होत्या, पण दाबल्यावर आवाज येत नव्हता.

झाले होते असे. फोन सारखा "जागा संपली" म्हणत होता, म्हणून नातवाने एक क्लीनर ॲप टाकून दिले. त्याने लाल अक्षरांत "खूप कचरा सापडला" असे दाखवले आणि खालांनी झाडूचे चित्र दाबले. ॲपच्या लेखी त्या जुन्या, न लागणाऱ्या आवाजाच्या फायली होत्या. खालांच्या लेखी काय होत्या, हे ॲपला कसे कळणार?

ही ॲप करतात काय, ते समजून घेऊ. फोनमध्ये दोन जागा असतात. स्टोरेज म्हणजे घरातले कपाट आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कपाटात वस्तू ठेवायच्या, ओट्यावर चालू काम करायचे. "बूस्ट" दाबले की क्लीनर ॲप ओट्यावरचे सगळे उचलून ठेवते. आपल्याला वाटते, किती मोकळे झाले! पण पुढच्याच मिनिटाला तीच ॲप पुन्हा उघडावी लागतात आणि त्यात बॅटरी जास्त जाते. अँड्रॉइड हे काम स्वतःच करते. जागा लागली की मागे पडलेले ॲप आपोआप बंद होते. त्यात काही "बॅटरी सेव्हर" नमाजच्या वेळा सांगणारे ॲपही बंद करतात. मग फजरची अजान फोनवर वाजत नाही आणि आपण फोनला दोष देतो.

दुसरी गोष्ट परवानगीची. सगळ्या फायली पाहण्याची, इतर ॲपवर आपली खिडकी दाखवण्याची, कधी "ॲक्सेसिबिलिटी"चीही परवानगी ही ॲप मागतात. ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो, त्याच्या किल्ल्या अनोळखी माणसाला द्याव्यात का? फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने त्रासदायक जाहिरातींमुळे सुमारे ६०० ॲप प्ले स्टोअरवरून काढली. त्याच वर्षी २९ जूनला भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. टिकटॉकचे नाव सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण त्या यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, व्हायरस क्लीनर, डीयू बॅटरी सेव्हर हीसुद्धा होती.

मग फोन हळू का होतो? बहुतेक वेळा कपाट गच्च भरलेले असते. दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की फोन अडखळू लागतो. ती जागा मोकळी करायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

सुरुवात व्हॉट्सॲपपासून करा. सेटिंग्जमध्ये "स्टोरेज अँड डेटा", त्यात "मॅनेज स्टोरेज". पाच एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली तिथे वेगळ्या दिसतात. दर शुक्रवारी दहा ग्रुपवर येणारी "जुम्मा मुबारक"ची चित्रे, ईदचे व्हिडिओ, लग्नाच्या पत्रिका सगळे तिथे सापडते. एकेक पाहून नको ते काढा. आयत लिहिलेले चित्र काढताना मन धजावत नसेल, तर आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्या. मग मागच्या "स्टोरेज अँड डेटा"च्या पानावर फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करा. हवे ते चित्र दाबून उघडता येतेच.

त्यानंतर न वापरलेली ॲप काढा. मुलांनी टाकलेले खेळ, एकदाच वापरलेली खरेदीची ॲप कशाला ठेवायची? एखादेच ॲप अडत असेल तर सेटिंग्जमध्ये त्याच्या नावावर जाऊन "क्लिअर कॅश" करा. पण शेजारच्या "क्लिअर डेटा" किंवा "क्लिअर स्टोरेज"ला हात लावू नका. त्याने लॉगिन आणि त्या ॲपमध्ये साठवलेले सगळे जाऊ शकते.

फोटो काढून टाकण्याआधी ते दुसरीकडे उतरवून घ्या. गूगलच्या खात्यावर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. ती भरली असेल तर संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. आठवड्यातून एकदा फोन बंद करून चालू करा आणि अपडेट टाळू नका.

मुलांच्या टॅबलाही हेच नियम. धडे उतरवून पाहिल्यावर ते काढायची सवय मुलांनाच लावा. आयपॅड असेल तर न वापरलेली ॲप "ऑफलोड" करता येतात. ॲप जाते, त्यातले काम राहते. एवढे करून फोन चालला, तर नव्या फोनची फिजूलखर्ची वाचते.

खालांचे पुढे काय झाले? गेलेले आवाज त्यांच्या फोनवर परत आले नाहीत. पण त्यांची मुलगी मुंब्र्याला असते. अब्बा घरच्या ग्रुपवरही कधी कधी बोलायचे, आणि तिच्या फोनवर तीन निरोप सापडले. ते तिने पाठवले. आम्ही दोघींनी बसून ते खालांच्या ड्राइव्हवर ठेवले आणि एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवली.

तुमच्या घरातही कुणाचा तरी आवाज फोनमध्ये असेल. आज झाडलोट सुरू करण्याआधी तो शोधा आणि नीट ठेवून द्या. मग खुशाल झाडू घ्या, पण स्वतःच्या हातात.