रक्तांतील चुना आणि अत्यवस्थ रोगी



जत तालुक्यासारख्या कोरडवाहू मुलखांत कित्येक घरांचा संसार जनावरांवर चालतो. तेथील शेतकऱ्यांपैकीं पुष्कळांनीं एक प्रकार पाहिला असेल. भरपूर दूध देणारी गाय सुखरूप वितें, वासरूं उभें राहतें, आणि एक-दोन दिवसांतच गाय एकाएकीं लटपटून खालीं बसते. मान कुशीकडे वळलेली, कान गार, डोळे निस्तेज. जनावरांचे डॉक्टर येतात, शिरेंतून कॅल्शियमचें औषध सावकाश सोडतात, आणि बहुधा थोड्याच वेळांत गाय उठून उभी राहते. ह्या रोगास दुग्धज्वर म्हणतात. पण त्यांत ज्वर नसतो. रक्तांतील कॅल्शियम, म्हणजे आपल्या चुन्यांतील मुख्य धातु, दुधावाटे झपाट्यानें निघून गेलेला असतो, एवढेंच.

इस्पितळाच्या अतिदक्षता विभागांतील माणसांच्या रक्तांतहि हेंच कॅल्शियम वारंवार कमी झालेलें आढळतें. मग गाईप्रमाणें त्यांनाहि औषध टोचलें कीं ते उठून बसतील काय? नातेवाइकांच्या मनांत हा प्रश्न साहजिकच येतो. त्याचें उत्तर मात्र गोठ्यांतल्याइतकें सरळ नाहीं.

प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारें एक किलो कॅल्शियम असतें. त्यांतील शेंकडा ९९ भाग हाडांत व दांतांत असतो. सर्व रक्तांत मिळून तें अर्धा ग्रॅमहि भरत नाहीं. परंतु हृदयाचा ठोका, स्नायूंचें आकुंचन, ज्ञानतंतूंचें काम आणि रक्ताचें गोठणें हीं सारीं कामें ह्या चिमूटभर द्रव्यावर अवलंबून आहेत. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनीं १८८३ सालीं ही गोष्ट दाखवून दिली. बेडकाचें हृदय मिठाच्या पाण्यांत धडधडत ठेवण्याचा प्रयोग ते करीत. नळाच्या पाण्यांत मीठ मिसळलें कीं हृदय चाले. ऊर्ध्वपातित शुद्ध पाण्यांत मिसळलें कीं लवकरच थांबे. शोधाअंतीं कळलें कीं नळाच्या पाण्यांत विरघळलेला चुना हेंच त्याचें कारण होतें.

हाडें हें आपलें पेव आहे. पेवांत ज्वारी भरपूर असली तरी तें उघडणारा माणूस हवा. तो माणूस म्हणजे गळ्यांतील कंठग्रंथीच्या मागें असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथि. रक्तांतील कॅल्शियम किंचित् उतरलें कीं त्यांचा रस रक्तांत येतो. हाडांतून कॅल्शियम सुटतें, मूत्रपिंडें तें वाया जाऊं देत नाहींत, आणि ड जीवनसत्त्वाच्या साह्यानें आंतडीं अन्नांतून अधिक शोषून घेतात. निरोगी माणसांत हा बंदोबस्त इतका चोख असतो कीं रक्तांतील प्रमाण फारसें ढळत नाहीं.

भारी दुखण्यांत मात्र हा बंदोबस्त अनेक ठिकाणीं ढासळतो. जंतुदोष रक्तांत पसरला म्हणजे त्या ग्रंथींचें व जीवनसत्त्वाचें काम मंदावतें, आणि कांहीं कॅल्शियम रक्त सोडून पेशींत शिरतें. स्वादुपिंडास तीव्र दाह झाल्यास आसपासची चरबी फुटते आणि साबण बनावा तसें कॅल्शियम तिच्याशीं जखडलें जातें. मूत्रपिंडें निकामी झालीं तर रक्तांत फॉस्फेट सांचतें व ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप मिळत नाहीं. मॅग्नेशियम फार घटलें तर त्या चार ग्रंथि नीट काम करीत नाहींत. अशा वेळीं मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय नुसतें कॅल्शियम टिकत नाहीं.

सर्वांत घाईचा प्रसंग अतिरक्तस्रावाचा. मिरजेस १८९४ सालीं डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं इस्पितळ उघडलें आणि १९६२ सालीं तेथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेव्हां जतकडील कठीण रोग्याची वाट पुष्कळदां मिरज-सांगलीकडे वळते. समजा, बाळंतपणांत अतोनात रक्त गेलेली एखादी भगिनी तेथें पोंचली. तिला रक्ताच्या एकामागून एक पिशव्या द्याव्या लागतात. पिशवींतील रक्त गोठूं नये म्हणून त्यांत सायट्रेट घातलेलें असतें, आणि तें कॅल्शियमला धरून ठेवूनच आपलें काम करतें. एखाद-दुसरी पिशवी असल्यास यकृत हें सायट्रेट सहज पचवितें. पण थोड्या वेळांत पुष्कळ पिशव्या गेल्या, अंग गार पडलें, यकृताचा रक्तपुरवठा मंदावला, तर तें सांचतें व रोग्याचेंच कॅल्शियम बांधून टाकतें. मग रक्तदाब उतरतो. आणि कॅल्शियमवांचून रक्त गोठत नसल्यामुळें स्राव थांबविणें अधिकच अवघड होतें. अशा वेळीं रक्ताबरोबर कॅल्शियमहि देणें हा उपचाराचा भागच आहे. तेथें दिरंगाई चालत नाहीं.

आतां तपासणीच्या कागदाविषयीं. रक्तांतील एकूण कॅल्शियम सामान्यतः १०० मिलिलिटरमागें ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असतें. त्यांतील सुमारें निम्मेंच मुक्त असतें. बाकीचें बहुतेक अल्ब्युमिन नांवाच्या प्रथिनास चिकटलेलें असतें. काम करतें तें मुक्त कॅल्शियम. दीर्घ दुखण्यांत अल्ब्युमिन घटतें. त्याबरोबर एकूण आंकडाहि उतरतो, पण मुक्त भाग जागच्या जागीं असूं शकतो. अल्ब्युमिनवरून हिशेब जुळविण्याचें एक सूत्र आहे. परंतु अत्यवस्थ रोग्याच्या बाबतींत तें भरंवशाचें ठरत नाहीं. म्हणून मोठ्या इस्पितळांत मुक्त कॅल्शियमच निराळें मोजतात, आणि यंत्र तें कांहीं मिनिटांत सांगतें.

मुक्त कॅल्शियमहि खरोखर कमी निघालें तर? ओठांभोंवतीं व बोटांस मुंग्या येणें, हातापायांस वांब येऊन बोटें आंवळणें, झटके, हृदयाची अनियमित गति, अशीं लक्षणें असतील किंवा प्रमाण फारच उतरलें असेल, तर शिरेंतून कॅल्शियम दिलें जातें. तें सावकाश आणि हृदयावर नजर ठेवूनच द्यावयाचें असतें. घाईनें दिल्यास हृदयाची गति बिघडते, शिरेबाहेर सांडल्यास मांस सडूं शकतें, आणि कांहीं औषधांशीं मिसळल्यास त्याचे खडे बनतात. पण लक्षणें नसतांना थोडासा उतरलेला आंकडा हा बहुधा दुखण्याच्या तीव्रतेचा निदर्शक असतो. घराला आग लागली असतां धूर दिसतो. धूर हांकलल्यानें आग विझत नाहीं. केवळ आंकडा वर आणल्यानें असे रोगी अधिक वांचतात हें सिद्ध झालेलें नाहीं, आणि अतिरिक्त कॅल्शियम पेशींस अपायकारकहि होतें. अशा वेळीं मूळ जंतुदोषाशीं झगडणारा डॉक्टर कॅल्शियम देत नसेल, तर ती हयगय समजूं नये.

नातेवाइकांच्या हातीं मात्र एक मोलाचें काम आहे, तें म्हणजे खरी हकीकत सांगणें. रोग्याच्या गळ्यावर पूर्वीं शस्त्रक्रिया झाली आहे काय, मूत्रपिंडाचा विकार आहे काय, फेफऱ्याचीं, हृदयाचीं किंवा हाडें ठिसूळ झाल्याबद्दलचीं औषधें चालू आहेत काय, दारूचें व्यसन आहे काय, हें न लपवितां सांगावें आणि औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत दूध किंवा चुन्याची निवळी कदापि घालूं नये. ती श्वासनलिकेंत जाऊन जीवावर बेतते.

गाईच्या रोगांत कॅल्शियमची उणीव हाच मूळ रोग असतो. अत्यवस्थ माणसांत ती कधीं संकटाचें कारण, तर कधीं केवळ त्याची खूण असते. ह्या दोहोंतला भेद ओळखण्यासाठीं कागदावरील आंकड्याबरोबर खाटेवरचा रोगी पाहावा लागतो. डॉक्टरांस विचारावयाचेंच असेल तर "कॅल्शियम कां देत नाहीं?" याऐवजीं "मुक्त कॅल्शियम पाहिलें काय, आणि तें कशामुळें उतरलें?" असें विचारावें. ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यास कोणत्याहि चांगल्या डॉक्टरास संतोषच वाटेल.