माळ्यावरची हौस

दिवाळी आठवड्यावर आली की घरोघरी माळ्यावरून खोकी खाली उतरतात. कामट्या, जिलेटिनचे कागद, सुकलेल्या रंगांच्या बाटल्या. आकाशकंदील होतो, किल्ला होतो आणि भाऊबीज झाली की सगळं परत वर! वर्षातून एकदा खाली येणारी वस्तू वर्षातून एकदाच वापरली जाणार, हे ओघानंच आलं. मग आपण म्हणतो, ‘हल्ली हातानं काही करणंच होत नाही.’

दोष आपण वेळेला देतो, टीव्हीला देतो, आता मोबाइलला देतो. मला वाटतं, निम्मा दोष माळ्याचा आहे. दुपारी जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यात स्टूल आणायचं, खोकं उतरवायचं, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा. सुई ओवेपर्यंत चहाची वेळ होते.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत कपाटं बुटकी आणि उघडी असतात, प्रत्येक साधनाची जागा ठरलेली असते. मुलानं हवं ते आपलं आपण घ्यावं आणि जागेवर ठेवावं. ताराबाई मोडकांनी हाच विचार बोर्डी-कोसबाडच्या मातीत रुजवला, तोही हाताशी मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून. जे बालवाडीला जमतं, ते दोन खोल्यांच्या घरालाही जमावं.

आमच्याकडे मी एवढंच केलं. भरतकामाच्या लड्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळल्या आणि त्यावर शेड नंबर लिहिला. दोरा मध्येच संपला तर नेमका तोच रंग आणता येतो. मणी आणि टिकल्या काचेच्या बरण्यांत भरल्या. दिसतात, म्हणून सुचतात. कापडाची कात्री वेगळी, कागदाची वेगळी; कागद कापून धार बोथटते. कुंचले धुऊन, वाळवून, केस वर करून पेल्यात उभे. सुया आणि जर मात्र पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर सुया गंजतात आणि जर काळवंडते.

पण सगळ्यांत महत्त्वाचा निघाला एक साधा ट्रे. त्यात फक्त अर्धवट राहिलेलं काम ठेवायचं. घरात देवांना जागा असते, टीव्हीला असते. अर्धवट कामाला तेवढी नसते. पाहुणे आले की पहिलं तेच उचललं जातं.

सासूबाईंची नातवासाठी घातलेली गोधडी दोन वर्षं ट्रंकेत होती. ती या ट्रेमध्ये आली.

‘अगं, कुणी आलं तर पसारा दिसेल,’ त्या म्हणाल्या.

‘दिसू दे की आई. काम चाललंय, एवढंच दिसेल.’

चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून चष्मा मागितला. वयामुळे आता दिवसाला एखादीच ओळ होते, पण होते. शेजारी बसून नात दोरा ओवून देते आणि तिच्या हातालाही हळूहळू टाका बसतो आहे. ट्रंकेतल्या गोधडीनं हे कधीच शिकवलं नसतं.

आज रविवार आहे. सगळं घर आवरायला काढू नका. आपली एकच जुनी हौस निवडा आणि तिचं सामान हाताच्या उंचीवर आणून ठेवा. माळा मोठ्या पातेल्यांसाठी ठीक आहे.