तुंगच्या फुलांचा सडा

आजच्या गप्पांसाठी आपण जरा लांब, तैवानच्या डोंगरात जाऊ या. एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या मियाओली, शिन्चू या भागांतली तुंगची झाडं पांढऱ्या फुलांनी भरून जातात. आपल्या प्राजक्तासारखा वाटेवर सडा पडतो. लोक त्याला ‘मे महिन्यातला बर्फ’ म्हणतात. याच दिवसांत २००२ सालापासून तिथे हक्का समाजाचा फुलोत्सव भरतो.

हक्का म्हणजे ‘पाहुणे कुटुंब’. हे लोक पिढ्यानपिढ्या चीनच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत आले आणि त्यांच्यातले काही समुद्र ओलांडून तैवानला गेले. चांगली सपाट जमीन बहुतेक आधी आलेल्यांकडे होती, म्हणून पुष्कळांच्या वाट्याला डोंगरउतार आले. तिथे बायकाही शेतात राबायच्या. चीनमध्ये मुलींचे पाय बांधून लहान ठेवण्याची रूढी होती, ती हक्का बायकांनी सहसा पाळली नाही. बांधलेल्या पायांनी चढावर ओझं कसं नेणार?

तुंगचं झाडही कष्टाचंच. त्याच्या बियांचं तेल खायचं नसतं, ते विषारी असतं. पण लाकडाला किंवा कागदी छत्रीला लावलं की पाणी आत शिरत नाही. जपानी राजवटीत या झाडांची लागवड झाली. पुढे कारखान्यातले रंग आले, तेलाची मागणी घटली आणि झाडं डोंगरात तशीच उभी राहिली. आता त्यांच्याच सावलीत हक्का डोंगरगाणी रंगतात. चहाची पानं, तीळ, शेंगदाणे कुटून केलेला ‘लेई-चा’ पाहुण्यांना मिळतो.

पण गाणं ऐकणाऱ्या नातवंडांना त्यातले शब्द कळतात का? खरी काळजी हीच आहे. तैवानमध्ये कित्येक वर्षं शाळेत मंदारिन सोडून घरची भाषा बोललं की मुलांना शिक्षा व्हायची. मग आयाही घरात मुलांशी मंदारिनच बोलू लागल्या. अखेर २८ डिसेंबर १९८८ रोजी हजारो हक्का लोक ‘आमची मातृभाषा परत द्या’ म्हणत तैपेईच्या रस्त्यावर उतरले. १९९४ मध्ये त्यांनी स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं, तेही आधी परवान्याशिवाय! २००३ मध्ये हक्का दूरचित्रवाहिनी आली आणि २०१८ मध्ये कायद्याने हक्काला राष्ट्रीय भाषेचा मान मिळाला.

कायदा झाला, उत्सवही भरतो. तरी भाषा टिकते ती चुलीपाशी, आजीच्या मांडीवर. फुलं दरवर्षी आपसूक येतात, भाषा मात्र कुणीतरी बोलावी लागते.

म्हणून आमची एक विनंती. या आठवड्यात घरातल्या आजीला जात्यावरची एखादी ओवी म्हणायला सांगा. अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारा, मुलांना शेजारी बसवा. आणि ती ओवी आमच्या केंद्रावर घेऊन या. आम्ही वाट पाहतो.