जेवण केवढे, वर प्यावे काय?

लग्नाची पंगत आठवा. मसालेभात झाला, जिलेबी झाली, की वाढपी मठ्ठ्याचे भांडे घेऊन येतो. त्या वेळी कुणी दूध मागत नाही की चहा मागत नाही. कोकणात माशाचे जेवण झाले की शेवटी सोलकढी. असे का बरे? पोट भरलेले असते. तेलातुपाचे, गोडाधोडाचे खाऊन तोंड जड झालेले असते. तेव्हा पातळ आणि आंबट असेच काही बरे वाटते.

आता दुसरी बाजू पाहा. खाणे थोडे असले की माणूस चहाकडे वळतो. वडापाव आणि चहा. खारी आणि चहा. आणि खायला काहीच नसले, तर नुसता चहा. जेवण जितके लहान, तितका चहा जास्त, असे पुष्कळ घरांत दिसते.

यात नवल नाही. साखर अंगात लवकर भिनते. चहातल्या कॅफिनने थकवा थोडा वेळ जाणवत नाही. गरम घोटाने पोटाला आधार वाटतो. म्हणूनच आपण म्हणतो, "चहाने भूक मारली." शब्द अगदी बरोबर आहे. चहा भूक मारतो, भागवत नाही.

हिशेब करू या. अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचे माप म्हणजे उष्मांक. दोन चमचे साखर आणि थोडे दूध घातलेल्या कपभर चहात साधारण ५० उष्मांक असतात. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २०० असतात. म्हणजे एका भाकरीची बरोबरी करायला चार कप चहा हवा. त्यात आठ चमचे साखर पोटात गेली. आणि भाकरीतले लोह, भाकरीतला चोथा? ते चहात नाहीच.

उलट लोहाच्या बाबतीत चहा आडवाच येतो. चहाला तुरट चव येते ती टॅनिनमुळे. जेवताना किंवा जेवल्याबरोबर चहा घेतला, तर हे टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते. मग भाजी-भाकरीतले लोह अंगी कमी लागते. लोह कमी पडले की रक्त कमी होते. दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारी आरोग्य पाहणी झाली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. याला कारणे अनेक आहेत. पण घरात नीट पाहा. बाई सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसते. तोवर कालवण संपलेले असते, भाकरी अर्धीच उरते. मग ती म्हणते, "मला भूक नाही, घोटभर चहा घेते." ही भूक नसणे नव्हे, बरे का! तिची भाकरी आधी बाजूला काढून ठेवा.

मोठ्या जेवणाचीही एक खोड आहे. हल्ली हॉटेलात भरपेट खाऊन वर गोड थंड पेयाची बाटली मागवतात. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. प्यालेल्या साखरेने पोट भरल्याचे कळत नाही. भरल्या गाडीवर आणखी एक पोते टाकावे, तसेच ते.

तेव्हा एवढे करा. जेवणावर पाणी किंवा पातळ ताक प्या. भाजीवर लिंबू पिळा. लिंबाने लोह अंगी लागायला मदत होते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. आणि भूक लागली तर आधी दोन घास खा.

प्रश्न
१. पंगतीत शेवटी मठ्ठा का आवडतो?
२. जेवणाबरोबर चहा का घेऊ नये?
३. तुमच्या घरी शेवटी कोण जेवते? काल तिच्या ताटात काय होते?